मुहर्रकच्या थाळ्यात सांबारवडी

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या बहिणीवर. सुजाता तिचं नाव. आणि तो झाला डिसेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी, ती ऑफिसातून येऊन दारात चपला काढत असताना, फोनवर, अत्यंत गोड आवाजात. गोड आवाजात झालेला अन्याय नंतर कुणाला पटवून देता येत नाही, म्हणून तो आधीच लिहून टाकते. समुद्र, गल्ल्या आणि गोड शेवया मागून येतील.

मी नागपूरची. वस्तीत अभ्यासिका चालवते, पत्रकं लिहिते, वाटते, वेळ पडली तर भिंतीला चिकटवते. पत्रकात जागा कमी असते, त्यामुळे आडून बोलायची सवय मला लागलीच नाही. ताई बहारीनला एका बांधकाम कंपनीत ड्रॉइंग काढते. तिच्या व्हिसावर ‘ड्राफ्ट्समन’ लिहिलंय. बाईसाठी वेगळा शब्द तिथंही कुणाला सुचलेला नाही. भाऊजी एका कारखान्यात टेक्निशियन आहेत, शिफ्टवर असतात. त्यांची मुलगी अन्वी आठ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिघं राजधानी मनामातल्या माहूज भागात एका इमारतीत राहतात, आणि मी त्यांच्याकडे व्हिजिट व्हिसावर गेले होते.

मंगळवार, माहूज

फोन मंजिरीताईंचा होता. ओळखीच्या दहा-बारा मराठी घरांचा एक ग्रुप आहे. मंडळ नाही, संस्था नाही, नुसता ग्रुप. मंजिरीताई त्याच्या सर्वेसर्वा. त्यांचं आडनाव मी लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही बाकीचं वाचणारच नाही, आडनावावरूनच निकाल लावून मोकळे व्हाल.

ताईने फोन स्पीकरवर ठेवला होता.

“सुजाता, शुक्रवारचं ठरलं हं. मुहर्रकचा वॉक. मोत्यांचा जुना गाव, गाइड फार छान आहे म्हणे. नाश्ता तिच्याकडूनच आहे, पण जोडीला आपलं काहीतरी हवंच ना! मेघना ढोकळा आणतेय, मी चटणी सँडविच.”

“ताई, मी सांबारवडी आणते,” आमची ताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पाहिलंय. शाळेत हात वर करणाऱ्या पोरीच्या चेहऱ्यावर असतं ते.

पलीकडून: “सांबार? अगं नको, बसमध्ये सांडलं म्हणजे? तू आपल्या प्लेट्स आण, नेहमीप्रमाणे. कागदी. किती गोड आहेस गं तू!”

फोन बंद.

आता जे विदर्भातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं पातळ नव्हे. सांबारवडी म्हणजे बेसनाच्या पारीत कोथिंबीर, खोबरं, खसखस भरून तळलेली वडी. ती सांडत नाही. सांडायला तिच्यात काही नसतंच.

“सांगायचं नं मग त्यांना!” मी म्हटलं.

“ठेवला नं तिनं फोन. जाऊ दे. काऊन ताणून राहिली?”

“‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय, ताई?”

ती स्वयंपाकघरात गेली. तिथूनच बोलली. दिवाळीला तिला पाण्याच्या बाटल्या सांगितल्या होत्या. गुढीपाडव्याला बर्फ. बारशाला टिश्यू पेपर. “मी नोकरीवाली आहे नं, तिला वाटत असेल की मला वेळ नसते.”

मेघनाही नोकरीवालीच आहे, बँकेत. तिला ढोकळा.

‘सांबार’ची चूक मी माफ केली असती. मंजिरीताईंसारख्या पुण्याच्या माणसाला नागपूरचं सांबार कळत नाही, नसेल कळत. पण ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द चुकून तोंडातून येत नाही. लोक म्हणतात, ही जिथं तिथं जात शोधत फिरते. मी शोधत नाही. ती मला पत्ता न विचारता सापडते.

रात्रीच्या भाकरी थापताना ताई अचानक म्हणाली, “इतकी वर्षं झाली, माझ्या घरी कोणी जेवलं नाही पहा. येतात सगळे. चहा घेतात, पुड्यातली बिस्किटं घेतात. पण जेवायची वेळ झाली की सगळ्यांना काम निघते.” मग हसली. “एकदा कोणी म्हणावं, सुजाता, अजून वाढ. बस, एवढंच.”

एवढंच. त्या एवढ्याशासाठी मी हे लिहितेय.

गुरुवार, सनाबिस

सनाबिसला एक किराणा आहे, मॉलच्या झगमगाटाच्या मागच्या अंगाला. तिथं कोथिंबिरीच्या जुड्या इतक्या ताज्या की मी विकत घ्यायच्या आधीच वास घेत उभी राहिले. दुकानदार मलबारी. “यल्ला, सिस्टर, लेना है तो लो, सूँघने का फ्री नहीं.” मी मूठभर नाही, पिशवीभर घेतली.

ताईने पिशवी पाहिली आणि कपाळाला हात लावला. “प्लेट्स सांगितल्या तर प्लेट्स नेऊ. कोणाचं अडते?”

“तू प्लेट्स घे. डबा मी घेते.”

भाऊजी शिफ्टवरून येऊन जेवत होते. शांत माणूस. बोलले तेव्हा मान वर केली नाही. “तुम्ही पत्रकं काढता, चांगलं करता. पण तुम्ही पंधरवड्यानं जाल परत. आम्हाले इथंच राहायचं आहे. हेच दहा लोक आहेत मराठी बोलायले.”

अन्वी मध्ये पडली. “मावशी, प्लीज डोन्ट फाइट हां. मंजिरी आँटीची रिया इज इन माय स्कूल बस.”

दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. मी कोथिंबीर निवडायला बसले. थोड्या वेळाने ताई शेजारी येऊन बसली. “अशी नाही, देठं ठेव कोवळी. देठातच चव असते.” पारी तिनं लाटली, सारण तिनं भरलं, तळल्याही तिनंच. मला फक्त कढईपासून लांब उभं राहायचं काम दिलं.

शुक्रवार, मुहर्रक

बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवारची. सकाळी मुहर्रक झोपलेलं असतं. मनामाच्या काचेच्या इमारतींकडून पूल ओलांडून आलात की काच संपते आणि भिंती सुरू होतात: समुद्रातल्या दगडाच्या, वरून गिलावा केलेल्या, हाताच्या तळव्यासारख्या खरबरीत. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं भेटली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागते. पूर्वी हे सगळं समुद्राकाठी होतं. आता भर टाकून समुद्र लांब ढकललाय. मोत्यांचा गाव, आणि गावातून पाणी दिसत नाही! मला तिथंच शंका आली की इथं आणखी काय काय लांब ढकललं असेल.

गाइडचं नाव हुदा. तिशीची, काळा अबाया, खाली पांढरे बूट. हिंदी चुरूचुरू. “सीरियल देखके सीखा,” म्हणाली. सगळे खूश. मी नाही. गाइड लोक खूश करतात तेव्हा काहीतरी दाखवायचं टाळत असतात.

आणि तसंच झालं. पहिलं घर मोत्यांच्या व्यापाऱ्याचं. दुसरं व्यापाऱ्याचं. तिसरंही. नक्षीची दारं, निळी-लाल काच, हवा खाली ओढणारा उंच मनोरा. आमची मंडळी ‘वॉव’ म्हणत होती. मंजिरीताई प्रत्येक दारात उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या आणि ताईला म्हणत होत्या, “सुजाता, जरा पिशवी धर गं.” ताईच्या एका हातात प्लेट्सचा गठ्ठा, दुसऱ्या हातात मंजिरीताईंची पिशवी. डबा माझ्याकडे.

हुदा सांगत होती की उन्हाळ्यात बोटी महिनोन्‌महिने समुद्रावर असायच्या, बोटीचा प्रमुख म्हणजे ‘नोखदा’. तेव्हा शिरीषकाका, ग्रुपमधले सगळ्यात वडील, अकाउंटंट, ओरडलेच: “अहो, हा तर आपला नाखवा!” हुदाला कळेना हे सगळे एकदम का हसतायत. काकांनी तिला समजावलं की आमच्या किनाऱ्यावर हाच शब्द आहे. तिने दोनदा म्हणून पाहिला, “नाखवा, नाखवा,” आणि टाळी दिली. तो क्षण छान होता, नाही म्हणणार नाही. मोती मुंबईच्या बाजारात जायचे, शब्दही त्याच बोटीतून ये-जा करत असणार.

पण मी विचारलं, “बुडी कोण मारायचं? त्यांची घरं कुठायत?”

मंजिरीताईंनी मागे वळून ‘झालं हिचं सुरू’ अशा नजरेने पाहिलं. हुदाने मात्र माझ्याकडे नीट पाहिलं. “दाखवते. पण तिथं फोटो चांगला येत नाही, म्हणून लोक थांबत नाहीत.”

पाणबुड्याचं घर म्हणजे एक अंगण आणि दोन खोल्या. दार बुटकं. शिरीषकाकांचं कपाळ चौकटीवर असं आपटलं की गल्लीतलं मांजर पळालं.

“पाणबुड्यांची उंची कमी होती काय रे!”

“उंची पुरेशी होती काका,” मी म्हटलं, “दारच कमी पडलं.”

हुदाने तिथं नाकाचा चिमटा दाखवला, पायाला बांधायचा दगड दाखवला, वर बसून दोर ओढणाऱ्या सोबत्याबद्दल सांगितलं. मग कुणी न विचारता म्हणाली, “बुडी मारणारे गरीब होते. आणि काही गुलाम होते, आफ्रिकेतून आणलेले. आमच्याच लोकांनी ठेवलेले.” आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. स्वतःच्या गल्लीत, स्वतःच्या लोकांबद्दल, परक्यांसमोर. आपल्याकडे गड दाखवणाऱ्याला कधी विचारून पाहा, हा दगड कुणी डोक्यावर वाहिला आणि त्याला पंगतीत कुठं बसवलं. हुदावरचा माझा संशय त्या दोन खोल्यांत संपला. बाकीचा तसाच होता.

नाश्ता हुदाच्या मावशीकडे होता. त्यांना सगळे ‘उम्म खालिद’ म्हणतात, म्हणजे खालिदची आई. आपल्याकडे बाई नवऱ्याच्या नावाने ओळखली जाते, तिथं मुलाच्या. तिचं स्वतःचं नाव दोन्हीकडे माजघरात. मी विचारलं तर त्या लाजल्या, मग म्हणाल्या, “लतीफा.” म्हणून मी इथं लतीफाबाईच लिहिते.

लतीफाबाईंनी जमिनीवर प्लास्टिकची चादर पसरली आणि मधोमध तीन मोठे थाळे ठेवले. केशर-वेलचीच्या गोड शेवया, त्यांच्यावर अंड्याची पातळ पोळी पांघरलेली. गोडावर अंडं! मला आधी कसंसंच झालं, नंतर मी दोनदा घेतलं. शिजवलेले हरभरे, गरम खुब्ज म्हणजे तिथली रोटी, दुधाचा कडक चहा.

“सुजाता, प्लेट्स!” मंजिरीताईंनी हाक दिली.

ताई गठ्ठा घेऊन पुढे झाली. हुदाने हसून तिला थांबवलं. “प्लेट मफी, नको. इथं एका थाळ्यातच जेवतात. माझे आजोबा बुडी मारायचे. सांगायचे, बोटीवर सगळ्यांचा हात एकाच थाळ्यात.”

मला वाटलं आता गंमत येईल. आता कुणाचा उपास निघेल, कुणाचं पथ्य. पण नाही हो! मंजिरीताई मांडी घालून बसल्या, बाह्या सारल्या, आणि लतीफाबाईंच्या बोटांशेजारी स्वतःची बोटं घालून शेवया उचलल्या. “हाताने खायचं! किती ऑथेंटिक ना! रियाचे बाबा, फोटो काढा.” अंडंही खाल्लं. “प्रवासात चालतं आम्हाला.” ढोकळा फिरला, सँडविचं फिरली, सगळं त्याच थाळ्याच्या कडेला ठेवलं गेलं.

ताई अजून उभी होती. कागदी प्लेट्स छातीशी धरून. त्या सबंध खोलीत तिचं काम तेवढं रद्द झालं होतं आणि दुसरं कुणी दिलं नव्हतं.

मी डबा उघडला आणि तिच्या हातात दिला. “तू वाढ.”

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं, गठ्ठा काखेत धरला. मग वाकली आणि वड्या थाळ्याच्या कडेला मांडल्या, एकेक करून, ढोकळ्याच्या शेजारी. लतीफाबाईंनी पहिली उचलली. हुदाने दुसरी. “ये क्या है? बहोत अच्छा!”

आणि आपली माणसं? मेघना मोबाइलमध्ये बुडाली. दोघं-तिघं चहाकडे वळले. मंजिरीताईंनी डब्याकडे पाहिलं, गोड हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, आज माझा शुक्रवार. आंबट नाही चालत. एक काम करू, हे ड्रायव्हरला देऊ या, बिचारा सकाळपासून बाहेर उभाय.”

“ह्यात आंबट काही नाही,” ताई हळूच म्हणाली.

“असू दे गं.”

शिफ्टवर गेलेले भाऊजी आठवले मला. अन्वीही समोर होती, रियाशेजारी, मला डोळ्यांनी ‘नको’ म्हणत. पण काही गोष्टींना ‘असू दे’ म्हटलं की त्या असतातच, पिढ्यान्‌पिढ्या.

मी म्हटलं, “मंजिरीताई, तुमच्या सँडविचच्या चटणीत लिंबू आहे. मघाशी खाल्लंत तुम्ही. ज्या बाईंचं नावही तुम्ही विचारलं नाही त्यांच्या थाळ्यात तुम्ही हात घातलात. चांगलं केलंत. मग माझ्या बहिणीच्या हातच्या वडीलाच उपास कसा आडवा येतो?”

लतीफाबाईंना शब्द कळले नाहीत, सूर कळला. त्यांनी चहाची किटली खाली ठेवली.

“तू काय भलतंच बोलतेस!” मंजिरीताईंचा आवाज पहिल्यांदा गोड राहिला नाही. “आम्ही असलं काही मानत नाही. मी तर तो शब्दसुद्धा कधी उच्चारत नाही. परदेशात येऊन तुम्ही लोक...”

“कोण लोक?” ताईने विचारलं.

मी नाही, ताईने. प्लेट्सचा गठ्ठा खाली ठेवून.

मध्येच शिरीषकाका उठले, टेंगूळ आलेलं कपाळ चोळत आले आणि एक वडी उचलून तोंडात टाकली. “अरे! ही तर कोथिंबीरवडी! सुजाता, मला वाटलं ते इडलीबरोबरचं. मी म्हटलं सकाळी सकाळी कोण पिणार!” दुसरी उचलली. “खुसखुशीत आहे हो. मेघना, ठेव तो मोबाइल, खा.” मेघनाने खाल्ली. काकांची चूक खरी होती, हे मी मान्य करते. मेघनाचं मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंजिरीताईंनीही शेवटी एक घेतली. टिश्यूत गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. “घरी गेल्यावर खाते, उपास सोडताना.” ती त्यांनी खाल्ली की नाही ते मला माहीत नाही. मला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे.

परतीच्या बसने पूल ओलांडला. मग मंजिरीताईच बोलल्या, जणू काही झालंच नाही. सर्वेसर्वा लोकांना ही कला येते. “पुढच्या महिन्यात सखीरला तंबू टाकू या, वाळवंटात. मेघना पावभाजी करेल. सुजाता, तू...”

“मी तंबूला नाही येत,” ताई म्हणाली. बसल्या जागेवरून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “जानेवारीतल्या पहिल्या शुक्रवारी माझ्याकडे या सगळे. माहूजला. दुपारच्या जेवणाले. मी करीन सगळं. चहा नाही. जेवण.”

‘जेवणाले’ म्हणाली. एरवी त्या ग्रुपमध्ये ती नागपूर जिभेखाली दाबून ‘जेवणाला’ म्हणते.

“येतो आम्ही,” शिरीषकाका म्हणाले. “ही वडी असेल ना?”

बाकीच्यांनी मोबाइल काढले. रिया अन्वीच्या कानात काहीतरी म्हणाली आणि दोघी खिदळल्या. मंजिरीताई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “इंशाल्ला.”

आखातातल्या आपल्या माणसांना या शब्दाचा एक उपयोग सापडलाय. तिथल्या लोकांसाठी तो श्रद्धेचा शब्द आहे. आपले लोक तो तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नसतं तेव्हा वापरतात.

नागपूर

मी परत आलेय. ते जेवण अजून व्हायचंय. ताई रोज फोनवर विचारते, वांग्याची भाजी पुरे की बेसनाच्या पातोडीचा रस्साही करू, आणि किती जणांचं करू? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ग्रुपवर तिच्या निमंत्रणाखाली शिरीषकाकांचं ‘हो’ आहे, आणि बाकीच्यांची हात जोडलेली चित्रं.

म्हणून हे तुम्हाला सांगतेय. त्या बसमध्ये तुम्ही होतात, तर तुम्हाला घर माहीत आहे. चहा प्यायला किती वेळा गेला आहात. आणि बसमध्ये नव्हतात, नागपुरात असाल, पुण्यात, नाशकात, कुठेही, तर तुमच्याही जिन्यात, ऑफिसात, शाळेच्या फाटकापाशी असं एक घर आहे, जिथं तुम्ही फक्त पुड्यातली बिस्किटं खाल्ली आहेत. कुठलं ते मी सांगायची गरज नाही. वाचताना तुम्हाला ते आठवलेलं आहे.

त्यांना तुमच्याकडे बोलावू नका. बोलावण्यात तुमचाच मोठेपणा होतो. आज फोन करा, “तुमच्याकडे जेवायला येतो” म्हणा, दिवस ठरवा. जा. पानावर बसा. आणि पोट भरलं तरी एकदा, मोठ्यांदा, “अजून वाढा” म्हणा.